पील की निक? पीएससीच्या पोरासाठी पुस्तक निवडताना

इंदूरच्या भंवरकुआँला आमच्या वरच्या मजल्यावर पीएससीची, म्हणजे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारी पोरं भाड्यानं राहतात. प्रीचा (पूर्वपरीक्षेचा) निकाल लागला की कुणाच्या तरी आईचा फोन येतोच: "ताई, त्याला हिंमत येईल असं काही वाचायला द्या ना." खजुरी बाजारात अशा पुस्तकांचे ढीग आहेत. ख्रिस्ती लेखकांपैकी माझ्या हाताला मात्र दोघेच पुन्हा पुन्हा लागतात, नॉर्मन व्हिन्सेंट पील आणि निक वुजिसिक.

पील जुने. जन्म 1898चा, अमेरिकेतल्या ओहायोचा. 1932पासून 52 वर्षं न्यूयॉर्कच्या एकाच चर्चमध्ये पाद्री. 1952 साली 'द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग' आलं आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत 186 आठवडे ठाण मांडून बसलं. त्यांची रीत सोपी आहे: बायबलमधलं एक वचन घ्या, देव आपल्या बाजूला असेल तर आपल्या विरुद्ध कोण, आणि रोज दहा वेळा म्हणा. आपल्याला यात नवल वाटायला नको. आजी जप सांगायची तेच, फक्त हातात माळ नाही. (चंद्रावर नेम धरा, चुकलात तरी ताऱ्यांत पडाल, हे व्हॉट्सॲपवरचं वाक्य पीलच्या नावावर फिरतं तसं इतरांच्याही. त्यावरून पुस्तक विकत घेऊ नका.)

पील वाचून माणूस दुसऱ्या दिवशी पाचला उठतो, हे मी पाहिलंय. पण अडचण नंतर सुरू होते. अडथळा तुमच्या मनात आहे, असं पुस्तक सतत बजावतं. मग कटऑफ दोन मार्कांनी हुकला, तर दोष कुणाचा? बुऱ्हाणपूरच्या आमच्या एका पोरानं पीलचं वाक्य आरशावर चिकटवलं होतं. निकालाच्या रात्री त्यानं ते नखांनी खरवडून काढलं. आरशावर अजून डिंकाचा चौकोन आहे. दाढी करताना मधोमध येतो.

गंमत म्हणजे लहानपणी पील स्वतःच न्यूनगंडानं बेजार होते. पुढे त्यांनी स्माइली ब्लँटन या मानसोपचारतज्ज्ञाला जोडीला घेऊन चर्चमध्ये लोकांसाठी उपचाराची सोय केली. म्हणजे फक्त वचनावर भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या पुस्तकातून ते तेवढं कळत नाही.

निक 1982चा, मेलबर्नचा. जन्मतः हातपाय नाहीत, कमरेपाशी दोन बोटांचं छोटं पाऊल तेवढं. दहाव्या वर्षी बाथटबमध्ये बुडून मरायचा प्रयत्न केला, तेही तो लपवत नाही. पंधराव्या वर्षी योहानाच्या शुभवर्तमानातली जन्मांधाची गोष्ट वाचली. हा आंधळा का जन्मला, पाप कुणाचं, असं शिष्य विचारतात आणि येशू म्हणतो, कुणाचंच नाही. निकच्या बोलण्याचा सगळा पाया तिथे आहे. शाळांमध्ये भाषण देताना तो टेबलावर पालथा पडतो आणि पुस्तकावर कपाळ टेकवून उठून दाखवतो.

2010चं त्याचं 'लाइफ विदाउट लिमिट्स' पुस्तक म्हणून मात्र पीलइतकं बांधीव नाही. पाल्हाळ आहे, भाषण लिहून काढल्यासारखं. रोज काय करायचं, हेही ते तितकं नेमकं सांगत नाही.

घरात देवाधर्माचा प्रश्न निघेल असं वाटत असेल तर आधीच सांगते. पीलमधली वचनं बाजूला ठेवून आपला देव तिथे बसवता येतो, पुष्कळ लोक तसंच वाचतात. निकमधून येशू काढला तर हातात काही उरत नाही.

परीक्षा सहा महिन्यांवर असेल आणि पोरगं नुसतं घाबरून बसलं असेल, तर पील द्या, पहिली दोन प्रकरणं पुरेत. आपटून आलेल्याला पील देऊ नका. त्याला निक द्या, जाड वाटला तर यूट्यूबवरचं एखादं भाषण लावा.

बुऱ्हाणपूरवाल्याला मी तसंच केलं. पोहे समोर निवत होते, पठ्ठ्या गप्प. मग त्याला सांगितलं, निक कपाटात बुटांचा एक जोड ठेवतो. कधी चमत्कार झालाच तर असावा म्हणून.

त्यानं बराच वेळ खाली पाहिलं आणि विचारलं, "काकू, नंबर कितीचे घेतले असतील हो?"