शटलला पैकीच्या पैकी, वाड्याला नापास: गोव्यातल्या सार्वजनिक प्रवासाचं परीक्षण

कदंब या गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची शटल (मधे न थांबता जाणारी बस) ही गोव्यातली सर्वांत चांगली बससेवा आहे, आणि ती चांगली असल्यामुळेच बाकीच्या जाळ्याचे दोष जास्त टोचतात. पणजीहून मडगाव, वास्को आणि म्हापसा या तिन्ही दिशांना दिवसभर गाड्या सुटत असतात. तिकीट आधी खिडकीवर काढायचं आणि रांगेत उभं राहायचं. गाडी भरली की सुटते आणि वाटेत प्रवासी शोधत बसत नाही. पणजी-मडगाव हे तेहतीस किलोमीटरच्या आसपासचं अंतर रस्ता मोकळा असेल तर पाऊण तासात, गर्दीच्या वेळी तासाभरात कापलं जातं. कुठ्ठाळीला जुवारीवरच्या नव्या पुलाच्या दोन्ही बाजू सुरू झाल्यापासून (पहिली बाजू डिसेंबर 2022 मध्ये, दुसरी पुढच्या डिसेंबरात) या मार्गावरचा सगळ्यात मोठा अडथळा गेला.

शटलमध्ये खटकणाऱ्या गोष्टी दोनच. संध्याकाळी सरकारी कचेऱ्या सुटल्यावर पणजीच्या कदंब स्टँडवर लागणारी रांग ही पहिली. तिला पंधरा-वीस मिनिटं हिशेबात धरावीच लागतात. दुसरी गोष्ट नवख्यांना अडचणीत आणते. शटल मधल्या थांब्यांसाठी नाहीच. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) ओपीडीसाठी जाणाऱ्या पेशंटने शटलचं तिकीट काढण्याआधी खिडकीवरच विचारून घ्यावं, नाहीतर त्याच दिशेची साधी बस धरावी. आगशी, कुठ्ठाळी, वेर्णा इथे उतरणाऱ्यांनाही हेच लागू.

खरी परीक्षा शटल पोचल्यानंतर सुरू होते. गोव्यात 191 पंचायती आहेत आणि गाव म्हणजे एका ठिकाणी एकवटलेली वस्ती नव्हे. वाडे, म्हणजे गावातल्या छोट्या वस्त्या, विखुरलेले, एक वाडा डांबरी रस्त्याला लागून, तर दुसरा दोन किलोमीटर आत. 2011 च्या जनगणनेने गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी ठरवली. कागदावर ते बरोबरच आहे, पण त्या शहरी म्हटलेल्या भागातलाही मोठा हिस्सा अशाच वाड्यांचा आहे. तिथली भिस्त खासगी मिनीबसवर.

या खासगी बसच्या नावाने सगळेच बोटं मोडतात: स्टँडवर रेंगाळते, मग सुसाट सुटते, दुपारची फेरी गाळते, रविवारी दिसत नाही, चवथीला तर विचारूच नका. चालकांचा स्वभाव हे याचं कारण नव्हे, कारण पैशाच्या गणितात आहे. मालकाचं उत्पन्न फक्त तिकिटावर, आणि बऱ्याच गाड्यांवर चालक-कंडक्टरचा वाटाही त्या दिवसाच्या गल्ल्यावर ठरतो. परमिटवर वेळ मिनिटांत बांधून दिलेली असते. मागची गाडी पाच-सात मिनिटांनी येणार असेल, तर स्टँडवर थांबून तिचेही प्रवासी उचलायचे आणि वाया गेलेली मिनिटं रस्त्यावर भरून काढायची, हे त्या गणिताचं सरळ उत्तर आहे. दुपारी एक ते तीन गाडी अर्धी रिकामी धावते, म्हणून ती फेरी पहिली गळते.

शेवटची फेरी गळण्याचं कारण वेगळं आहे आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. बारा किलोमीटरचा आतला मार्ग घ्या. वळणं, थांबे, अरुंद रस्ता धरून ताशी वीसचा वेग, म्हणजे एका बाजूला 36 मिनिटं. दोन्ही टोकांना सात-सात मिनिटांचा थांबा. जाऊन-येऊन 86, म्हणजे दीड तासच म्हणा. सकाळी सहा ते रात्री नऊ असे पंधरा तास एक गाडी चालवली तर दहा फेऱ्या होतात, 240 किलोमीटर. मिनीबस लिटरला पाच-सहा किलोमीटर देते असं धरलं तर डिझेल 40 ते 48 लिटर. इथवर जमतं. पण कायद्याप्रमाणे चालकाची पाळी आठ तासांची असते, आणि एकाच गाडीच्या मालकाकडे दुसरा चालक-कंडक्टर सहसा नसतो. सकाळी सहाला निघालेला माणूस संध्याकाळी सातला थकलेला असतो. म्हणून गाडी साडेसात-आठला घरी जाते. रात्रीची फेरी हवी असेल तर नुसती परमिटवर वेळ लिहून भागत नाही, दुसऱ्या पाळीचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

‘म्हजी बस’ योजनेचं महत्त्व इथे आहे. खासगी गाड्या कदंबच्या छत्राखाली घेऊन मालकाला तिकिटाच्या गल्ल्याऐवजी धावलेल्या किलोमीटरमागे पैसे देण्याची ही कल्पना. दुखण्याच्या मुळावर हात ठेवते, त्यामुळे आमचं मत तिच्या बाजूचं. गाडी भरेपर्यंत रेंगाळण्याचं कारणच उरत नाही. मात्र किलोमीटरवर पैसे मिळू लागले की उलटी सवय लागू शकते: थांब्यावर हात दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बाईसाठी ब्रेक मारायचा कशाला? फेरी तर मोजली गेलीच. त्यामुळे अशा करारात गाडी धावली की नाही एवढंच तपासून पुरत नाही. ती ठरलेल्या थांब्यावर ठरल्या वेळी होती की नाही, हे जीपीएसवरून बघायला हवं. त्यासाठी नवं काही शोधायला नको, कारण 2019 पासून नोंदणी झालेल्या बसना मागोवा यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचं आहे. त्या माहितीचा पडदा थांब्यावर उभ्या माणसासमोर उघडला तरी अर्धी चिडचिड संपेल.

आता कामावरून परतणाऱ्याचं वेळापत्रक मांडून बघू. पर्वरीच्या सचिवालयातून पावणेसहाला सुटका. मांडवी ओलांडून स्टँडवर येईपर्यंत सव्वासहा. रांग आणि गाडी सुटेपर्यंत 6.35. मडगाव 7.30. केप्याच्या आतल्या वाड्याला जाणारी शेवटची बस 7.20 ला सुटत असेल, तर शटल कितीही चांगली असली तरी या माणसासाठी ती निरुपयोगी. तो दुचाकी घेतो, आणि एकदा घेतली की मग शटलही सोडतो. गोव्यात घरटी दुचाकी दिसते त्याचं एक मोठं कारण ही हुकलेली दहा मिनिटं. त्या वाड्याची बस 7.20 ऐवजी 7.50 ला सोडली तर खर्च वाढत नाही. तीच गाडी, तेवढंच डिझेल, फक्त घड्याळ सरकवायचं. जोडणीच्या बसला मुख्य गाडीनंतर दिवसा दहा मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं ठेवावीत. संध्याकाळी जास्त, कारण महामार्गावरचा उशीर तेव्हाच होतो.

मडगावात अजून एक मेख आहे. कदंब स्टँड शहराच्या एका टोकाला आणि रेल्वे स्टेशन दुसऱ्या. सामान घेऊन पायी जाण्यासारखं अंतर नाही. रेल्वेने येणाऱ्याने हा तुकडा वेगळा धरावा. उत्तरेतल्या थिवी आणि करमळी स्टेशनांवर तर रात्रीच्या गाडीने उतरलात की बसची आशा सोडा. आधीच कुणाला तरी बोलावून ठेवा.

फेरीबोट हा मात्र आनंदाचा विषय. नदी परिवहन खात्याच्या बोटींत पायी प्रवाशाला तिकीट लागत नाही. दिवाडीला अजून पूल नाही, त्यामुळे जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे या तीन धक्क्यांवरच बेटाचा दिवस चालतो. कुठ्ठाळी-मडकई, राय-शिरोडा, केरी-तेरेखोल या फेऱ्या रस्त्याचा मोठा वळसा वाचवतात. पणजी-बेती फेरी मांडवी पुलाच्या सावलीत आता किरकोळ वाटते, पण जुलै 1986 मध्ये तो पूल कोसळला तेव्हा राजधानीची वाहतूक बोटींनीच तोलून धरली होती. चोडण-रायबंदर मार्गावर 2025 च्या जुलैत रो-रो (वाहनं थेट चालवत आत-बाहेर नेण्याच्या) बोटी आल्या. त्या एका खेपेत जुन्या बोटीपेक्षा बरीच जास्त वाहनं नेतात, साहजिकच सकाळची रांग लवकर सरकते.

फेरीत बिनसतं कुठे? ओहोटीला बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांतला कोन वाढतो, वर शेवाळ. स्कूटर घसरण्याची ही ठरलेली जागा. मागे बसलेल्याने उतरून चालत जावं, चालकाने पुढचा ब्रेक दाबू नये. हिवाळ्यातल्या धुक्याच्या सकाळी बोट उशिरा सुटते. दोन बोटींपैकी एक दुरुस्तीला गेली की वाट पाहणं थेट दुप्पट होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पलीकडच्या धक्क्यावरची बस बोटीची वाट बघत नाही. बोट मधोमध दिसत असतानाही बस निघून जाते. बोट खात्याची, बस मालकाची, घड्याळ दोघांचं वेगळं.

पायलटबद्दल थोडक्यात. पिवळ्या मडगार्डची, पिवळ्या नंबरप्लेटवर काळे आकडे असलेली मोटारसायकल टॅक्सी शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी गोव्यात सर्वांत सोयीची. भाडं बसण्याआधी ठरवा, मागच्यासाठी हेल्मेट मागा, कायद्याने दोघांनाही लागतं. काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असले तर ती भाड्याने स्वतः चालवायची गाडी, पायलट नव्हे. अडचण एवढीच की पायलट शहराच्या नाक्यांवर, फोंड्याच्या तिस्कावर, म्हापशाच्या स्टँडवर मिळतो. वाड्याच्या तिठ्यावर, जिथे खरी गरज, तिथे क्वचितच. ॲपवरच्या टॅक्सीत 2018 पासून गोवामाईल्स आहे, ओला-उबर इथे नाहीत. पण टॅक्सी ही काही रोजच्या सामायिक प्रवासाची सोय नव्हे.

वेर्णा, कुंडई, मडकई, पिसुर्ले अशा औद्योगिक वसाहतींत जाणाऱ्यांनी बसची वाट बघत बसण्यापेक्षा मिळून गाडी ठरवणं बरं पडतं. फक्त दोन खड्डे टाळावेत. पहिला कायद्याचा. पांढऱ्या प्लेटच्या गाडीत सहकाऱ्यांनी पेट्रोलचा खर्च वाटून घेणं वेगळं आणि सीटमागे भाडं घेणं वेगळं. दुसऱ्याला परमिट लागतं. ते नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. गटाने ठरवलेल्या पिवळ्या प्लेटच्या ट्रॅव्हलरचं परमिट कंत्राटी वाहतुकीचं असतं: करार एका गटाशी, वाटेतल्या थांब्यांवरचे सुटे प्रवासी उचलता येत नाहीत. चालकाने ते उचलले की गाडी आरटीओच्या तावडीत सापडते आणि त्या दिवशी सगळ्यांची पाळी चुकते.

दुसरा खड्डा रिकाम्या किलोमीटरचा. केपे ते वेर्णा साधारण पंचवीस किलोमीटर, रोज दोनदा, महिन्याचे 26 दिवस: 1300 किलोमीटर. पण सकाळी सोडून गाडी रिकामी परत केप्याला आणि संध्याकाळी रिकामी वेर्ण्याला गेली तर मीटरवर 2600 पडतात, आणि मालक भाडं त्यावरच सांगतो. उपाय दोन. चालक वेर्ण्याच्या बाजूचा नको, केप्याच्या बाजूचाच हवा आणि गाडी दिवसभर वेर्ण्यालाच उभी राहावी. किंवा सात-तीन आणि तीन-अकरा अशा दोन पाळ्यांचे गट जोडावेत, म्हणजे दुपारी तीनला आणलेली गाडी सुटणाऱ्यांना घेऊनच परतते आणि रात्री अकराचीही सोय होते. चौदा आसनांच्या गाडीचा हिशेब बारा जणांवर मांडा. रजा, आजारपण, सोडून जाणारे यांत दोन जागा कायम रिकाम्या राहतात, आणि चौदावर मांडलेला हिशेब दुसऱ्याच महिन्यात भांडण लावतो.

शाळांना दिलेल्या बालरथ बसही दिवसाचे कितीतरी तास उभ्या असतात. त्या मधल्या वेळेत गावच्या बाजाराला, आरोग्य केंद्राला वापराव्यात अशी सूचना वारंवार होते. कल्पना वाईट नाही, पण शैक्षणिक संस्थेच्या बसला सर्वसाधारण प्रवासी घेता येत नाहीत. आधी परमिट आणि विमा बदलावा लागेल, मग चालकाचे जादा तास. हे न ठरवता सुरू केलेली सेवा पहिल्या तपासणीतच बंद पडेल.

ज्या पंचायतीला आपल्या बसची वेळ बदलून हवी आहे, तिने ‘बससेवा सुधारावी’ असा मोघम ठराव पाठवू नये. त्याला उत्तरही तसंच मोघम येतं. एक आठवडा, शुक्रवारचा म्हापसा बाजार आणि रविवार धरून, तिठ्यावर दोघांनी बसून तीन रकाने भरावेत: बस किती वाजता आली, किती चढले, किती जागा न मिळाल्याने मागे राहिले. न आलेल्या फेरीसमोर परमिटवरची वेळ लिहावी. ती आरटीओकडे माहिती अधिकारात मिळते. वाड्यातून रात्री सातनंतर परतणाऱ्यांची संख्या आणि ते कुठून येतात हे वेगळं नोंदवावं. मग ग्रामसभेच्या ठरावाला हा तक्ता जोडून मागणी एकच ठेवावी: अमुक क्रमांकाच्या परमिटची 7.20 ची फेरी 7.50 करावी, मडगावहून. प्रत एक परिवहन खात्याला, एक कदंबच्या पर्वरीच्या मुख्यालयाला, आणि एक त्या बसच्या मालकाला. मालकाला आधी भेटलेलं उत्तम. अर्ध्या तासाने गाडी जास्त भरणार हे तक्त्यात दिसलं तर तो स्वतःच अर्जावर सही करतो.