पाच युनिटांची बॅटरी आणि स्वावलंबनाचा दावा

छतावरील ३ किलोवॅटच्या सौर पॅनेलना जोडलेला हायब्रिड इन्व्हर्टर (सौर पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड म्हणजे वीज कंपनीचे जाळे, या तिन्हींशी जोडला जाणारा) आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असा संच मी वर्षभर वापरत आहे. बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर ५.१२ युनिटांची आहे. माहितीपत्रकात ‘विजेबाबत संपूर्ण स्वावलंबन’ असे शब्द होते. त्यांतला ‘संपूर्ण’ तेवढा वगळावा लागेल.

ग्रिडशी जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर बाहेरचा पुरवठा खंडित होताच स्वतःही बंद होतो, कारण तो चालू राहिल्यास तारांवर दुरुस्तीचे काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका संभवतो. परिणामी छतावर लख्ख ऊन असूनही घरातले पंखे थांबतात. हा संच मात्र त्या क्षणी घराला ग्रिडपासून वेगळे करतो आणि ठरावीक उपकरणे इतक्या सहज चालू ठेवतो की संगणकही बंद पडत नाही. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याहून खाली उतरवली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ही बॅटरी मी जवळजवळ रोज ८० टक्के रिकामी होईपर्यंत वापरतो आणि अद्याप तिच्या क्षमतेत फरक जाणवलेला नाही.

खरी अडचण इन्व्हर्टरच्या स्वतःच्या भुकेची आहे. कोणतेही उपकरण चालू नसतानाही तो सुमारे ५० वॅट घेतो, म्हणजे दिवसाला १.२ युनिट, जवळपास पाव बॅटरी. स्वच्छ उन्हाच्या दिवशी हे लक्षातही येत नाही. सलग दोन दिवस आभाळ भरून राहिले, की हीच पाव बॅटरी पहाटेपूर्वी कमी पडते आणि पुन्हा ग्रिडकडे हात पसरावे लागतात. हा आकडा तांत्रिक तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत होता आणि विक्रेत्याने त्याचा उच्चारही केला नव्हता.

जोडणीच्या कामावरही मी नाराज आहे. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, हे ठाऊक असायला हवे असलेल्या तंत्रज्ञाने पाण्याचा पंप बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांच्या जोडणीत घेतला होता, आणि पहिल्याच आठवड्यात इन्व्हर्टर तीनदा बंद पडला. पंप वेगळ्या परिपथावर नेल्यापासून तो त्रास थांबला.

दुसरी बॅटरी समांतर जोडण्याची सोय आहे, पण ती याच कंपनीची आणि याच प्रकारची असावी लागते, म्हणून हे मॉडेल बाजारात आहे तोवरच ती घेण्याचे मी ठरवले आहे.