काचमण्याचा सूक्ष्मदर्शक: मणी उत्तम, भोक मात्र चुकलं

सतराव्या शतकातल्या डच ल्युवेन्हॉकच्या एका भिंगाच्या यंत्रासारखा, ‘ल्युवेन्हॉकचा सूक्ष्मदर्शक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या किटमध्ये दोन पातळ पत्रे, २ मिमीचा काचमणी, नमुना टोचायची टाचणी, ती पुढे-मागे सरकवणारे दोन स्क्रू, पाच काचपट्ट्या आणि एक माहितीपत्रक एवढंच असतं. मणी स्वच्छ आहे, आत बुडबुडा नाही. पैसे त्याचेच द्यायचे.

खोक्यावर ‘५०० पट’ छापलंय, ते खोटं. २ मिमी मण्याचं नाभीय अंतर (मण्याच्या मध्यापासून किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं) दीड मिमी. डोळ्याला वस्तू जवळून स्पष्ट दिसते ते अंतर २५० मिमी धरतात. २५० ला दीडने भागा, येतात जेमतेम १६७ पट. ५०० पट हवं तर मणी पाऊण मिमीपेक्षाही बारीक लागेल. ‘जिवाणू स्पष्ट दिसतात’ हाही दावा सोडून द्या.

खरी चूक पत्र्यातल्या भोकात आहे. ते दीड मिमीचं असल्याने मण्याच्या कडेचे किरण आत शिरतात आणि चित्र दुधाळ दिसतं. औषधाच्या पाकिटाची चंदेरी पन्नी घ्या, सुईने पाऊण मिमीचं भोक पाडा आणि डोळ्याच्या बाजूने बरोबर मध्यावर चिकटवा. फरक लगेच कळतो. दुसरी अडचण काचपट्टीची. मण्यापासून नमुना फक्त अर्धा मिमी दूर हवा आणि पट्टीच १ मिमी जाड! पट्टी उलटी लावली तर पाण्याचा थेंब मण्यालाच चिकटतो. त्यापेक्षा नमुना दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबून धरावा. मागे बटर पेपर आणि मोबाइलचा टॉर्च. सूर्याकडे रोखायचं नाही, डोळा जाईल.

माहितीपत्रकात ल्युवेन्हॉकने सूक्ष्मदर्शक ‘शोधला’ असं लिहिलंय. तेही चूक, दोन भिंगांचा सूक्ष्मदर्शक वापरून इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये पुस्तकच काढलं होतं. ल्युवेन्हॉक (१६३२–१७२३) नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी, ना विद्यापीठ ना लॅटिन. पण त्याच्या एकेरी भिंगांनी दोन भिंगांच्या यंत्रांना मागे टाकलं. त्याच्या आज उरलेल्या सूक्ष्मदर्शकांपैकी एक सुमारे २६६ पट मोठं दाखवतं. १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यात त्याला हलणारे जीव दिसले, १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला सविस्तर पत्र धाडलं. तिथे आधी कुणाचा विश्वास बसेना. १६७७ मध्ये हूकने स्वतः ते जीव दाखवले तेव्हा बसला. भिंगं कशी करतो हे मात्र ल्युवेन्हॉकने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

किटसोबतचे नमुने, म्हणजे रंगवलेला कांद्याचा पापुद्रा वगैरे, बाजूला ठेवा. खानदेशात त्याहून सरस माल घरोघरी आहे. सरकीवरून ओढलेला रुईचा एक तंतू लावा: पिळा पडलेली चपटी फीत दिसते. पहिल्या वेचणीचा आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही कपाशी राखून घेतलेल्या पिकाचा) तंतू शेजारी ठेवला तर फरदडीत पीळ कमी, भिंत पातळ असे कच्चे तंतू जास्त सापडतात. असे तंतू रंग नीट धरत नाहीत. केळीच्या पानाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिशचा पातळ हात द्या, दहा मिनिटांनी चिकटपट्टीने सोलून घ्या, पर्णरंध्रांचे (पानाच्या श्वासछिद्रांचे) ठसे मिळतात. वरच्या बाजूला ती फार कमी असतात, तिथे वेळ घालवू नका.

स्क्रूचे आटे ढिले आहेत, धाग्याचा एक वेढा दिला की बसतात. मण्याला बोट लागलं तर मऊ सुती कापडाने पुसा. बनियनचा जुना तुकडा चालतो, टिश्यू पेपर नको.