अल्टिमेट्री डेटावरून चक्रीवादळं: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेले सात महिने मी जेसन-३, सेंटिनेल-६ आणि सारल या उपग्रहांचा अल्टिमेट्री डेटा, म्हणजे रडारने मोजलेली समुद्रपातळी, लाटांची उंची आणि वारा, जवळजवळ रोज उघडतेय. चक्रीवादळ ‘दिसेल’ या आशेने सुरुवात केली होती. त्यासाठी हा डेटा घेऊ नका. अल्टिमीटर, म्हणजे उपग्रहावरचा हा रडार, बरोबर पायाखालची चिंचोळी रेघ तेवढी मोजतो. जेसनच्या कक्षेत विषुववृत्तावर शेजारच्या दोन रेघांत सुमारे ३१५ किलोमीटर अंतर असतं आणि त्याच रेघेवर परतायला जवळपास १० दिवस लागतात. तोवर वादळ विरलेलंही असतं.

एकदा मात्र रेघ थेट वादळातून गेलेली सापडली. सेकंदाला एक नोंद, म्हणजे साधारण सहा किलोमीटरला एक. लाटांची उंची नोंदीगणिक चढत गेली आणि ऐन माथ्यावर आलेख तुटला! पावसाचा फ्लॅग (पावसाने बिघडलेल्या नोंदींवरची खूण) लावून त्या नोंदी मीच गाळल्या होत्या. फ्लॅग काढून रडारचे मूळ प्रतिध्वनी एकेक करून पाहिले. रडार दोन वारंवारतांवर मोजतो: त्यातला जास्त वारंवारतेचा केयू बँड पावसाने खंगलेला, कमी वारंवारतेचा सी बँड बराचसा शाबूत. लाटांची उंची प्रतिध्वनीच्या चढत्या कडेच्या आकारावरून काढतात, ताकदीवरून नव्हे, त्यामुळे काही नोंदी वापरता आल्या. वाऱ्याचा वेग मात्र सिग्नलच्या ताकदीवरून काढतात. पावसाने सिग्नल मंदावला की वारा आहे त्याहून जोरदार भासतो. ते आकडे मी सोडूनच दिले. सारलच्या आणखी जास्त वारंवारतेच्या केए बँडला तर पाऊस याहून जास्त बाधतो.

या डेटाने मला खरं काही दिलं असेल, तर ते वादळाआधीच्या समुद्रपातळीने. तापलेलं पाणी फुगतं, म्हणून कोमट पाण्याचा खोल भोवरा आजूबाजूपेक्षा उंच दिसतो. नुसत्या पृष्ठभागाच्या तापमानावरून ही खोली कळत नाही. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातातल्या अशाच खोल कोमट पाण्यावरून जाताना झपाट्याने बळावलं होतं. आता मी वादळाचा मार्ग आधी या उंचवट्यांवर टाकून बघते.

एक जपायचं: समुद्रपातळीच्या तयार फाइलींत हवेच्या दाबाचा परिणाम आधीच वजा केलेला असतो. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. वादळाखालचा तो फुगवटा हवा असेल, तर ती वजा केलेली दुरुस्ती परत त्यात जोडावी लागते. मी दोन आठवडे नसलेला फुगवटा शोधत बसले होते.