लिलावातील विक्री, पाठवणीचा खर्च आणि विमा : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले अकरा महिने मी जुने कॅमेरे, त्यांची भिंगे आणि चावीची टेबलावर ठेवण्याची घड्याळे ऑनलाइन लिलावातून विकत आहे. पहिले तीन महिने मी सगळ्या वस्तूंना पाठवणीचा एकच ठरावीक दर लावला होता. त्यानंतरचे आठ महिने पार्सलचे वजन, खोक्याची मापे आणि खरेदीदाराचा पत्ता यांवरून संकेतस्थळच खर्च काढून दाखवते ती सोय वापरली आणि विम्याचे पैसे खरेदीदाराकडून वेगळे न मागता माझ्या हिशेबात धरले. या काळात शंभराच्या आसपास पार्सले रवाना झाली, त्यांतले एक हरवले आणि तीन फुटून पोचली. पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः या चार पार्सलांनी शिकवले आहे.

लिलावात पाठवणी आणि विमा हे दोन खर्च एकाच ओळीत मांडले जातात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे आणि हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ गेला. पाठवणीचा खर्च खोक्यावर ठरतो, म्हणून लिलाव सुरू होण्याआधीच तो बऱ्यापैकी अचूक सांगता येतो. विम्याचा खर्च वस्तूच्या किमतीवर ठरतो, आणि ती किंमत तर शेवटची बोली लागेपर्यंत कोणालाच माहीत नसते. दुकानासारख्या ठरावीक किमतीच्या विक्रीत ही अडचण येत नाही. माझ्या एका भिंगावर सहा दिवस जेमतेम आरंभीची बोली होती आणि शेवटच्या काही सेकंदांत ती चौपट झाली. मी आधी धरलेल्या अंदाजाने विमा उतरवला असता तर तो एक चतुर्थांश किमतीचा ठरला असता. काही विम्यांत कमी मूल्य सांगितले असेल तर अंशतः झालेल्या नुकसानीची भरपाईसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाते, हे मी त्या वेळी अटींमध्ये पहिल्यांदा नीट वाचले.

ठरावीक दराच्या तीन महिन्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जवळच्या खरेदीदाराला तो जास्त वाटायचा आणि तो बोली लावायचा नाही, दूरचा खरेदीदार आनंदाने लावायचा आणि फरक मी भरायची. छोट्या, हलक्या, एकसारख्या वस्तू विकणाऱ्याला हा दर चालेल. घड्याळे विकणाऱ्याला चालणार नाही.

मोजून काढलेल्या दराकडे वळल्यावर पहिल्याच आठवड्यात व्हॉल्यूमेट्रिक वजनाशी गाठ पडली. हवाई मार्गाने नेणाऱ्या बहुतेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागतात आणि येणारे किलो व प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. माझे एक घड्याळ पॅकिंगसह २.२ किलो भरले, पण खोका ४० × ३० × २५ सेंटिमीटरचा होता, म्हणजे हिशेबात ते ६ किलो झाले. तेच घड्याळ मी नंतर ३६ × २६ × २२ च्या खोक्यात बसवले तेव्हा आकडा ४.१२ वर आला आणि पुढच्या अर्ध्या किलोला पूर्ण करून ४.५ किलोचे पैसे लागले. वस्तू तीच, पत्ता तोच, आणि दर पाऊण झाला. आणखी एक गोष्ट घरच्या मोजपट्टीवर कळत नाही : खोका आतून गच्च भरला की त्याच्या बाजू फुगतात आणि कंपनीच्या केंद्रातले यंत्र तो फुगवटाही मोजते. टेप लावून झाल्यावर सर्वांत फुगलेल्या जागी माप घ्यावे, रिकाम्या खोक्यावर छापलेल्या मापावर विसंबू नये.

यातून मी क्रमच बदलला. आधी वस्तू पूर्ण पॅक करते, वजन आणि मापे लिहून ठेवते, आणि मगच लिलावाची नोंद टाकते. छायाचित्रे अर्थातच त्याआधी काढून झालेली असतात. लिलाव संपेपर्यंत आठवडाभर बंद खोका कपाटात राहतो, जागा अडते, आणि एखाद्याने मागच्या बाजूचे आणखी एक छायाचित्र मागितले तर टेप कापावी लागते. तरीही अंदाजाने टाकलेल्या वजनामुळे होणारे नुकसान या त्रासापेक्षा कितीतरी मोठे असते, आणि लिलावात ते भरून काढायला दुसरी संधी नसते, कारण बोली लागल्यावर पाठवणीचा दर वाढवणे हा खरेदीदाराचा विश्वासघात आहे.

संकेतस्थळाच्या शुल्काचा भागही अनेक नवे विक्रेते विसरतात. ईबेच्या अमेरिकी संकेतस्थळावर २०११ पासून विक्रीचे शुल्क वस्तूच्या किमतीबरोबरच पाठवणीच्या रकमेवरही लागते. त्याआधी वस्तू नाममात्र किमतीला ठेवून सगळी कमाई पाठवणीच्या नावाखाली घेणारे विक्रेते होते, आणि या नियमाने त्यांचा फायदा संपवला. प्रामाणिक विक्रेत्याला मात्र त्याचा अर्थ असा होतो की खरेदीदाराकडून घेतलेले पाठवणीचे पैसे कुरिअरला पुरत नाहीत. समजा शुल्क १२ टक्के आहे आणि पाठवणीला १०० लागतात. खरेदीदाराने १०० दिले तर हाती ८८ राहतात, आणि पूर्ण १०० हाती यायला ११३.६४ आकारावे लागतात. मी हा फरक पाठवणीत टाकत नाही, आरंभीच्या बोलीत धरते. तन्जीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थतज्ज्ञांनी ईबेवर सीडी आणि एक्सबॉक्सचे खेळ लिलावाला ठेवून केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभीची किंमत कमी आणि पाठवणी जास्त ठेवली तर, पाठवणी अवाजवी नसेल तोवर, विक्रेत्याला एकूण रक्कम जास्त मिळते असे त्यांना दिसले. खरेदीदार बोली लावताना पाठवणीकडे पुरेसे लक्ष देत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि त्याच्या या दुर्लक्षावर कमाई करणे मला पटत नाही. माझ्या नोंदीत पाठवणीचा आकडा कुरिअरच्या पावतीशी जुळतो आणि परत येणाऱ्या खरेदीदारांनी त्याचा आवर्जून उल्लेख केला आहे.

आता विमा. पाचव्या महिन्यात काचेच्या घुमटाखालचे एक घड्याळ परदेशी गेले. खरेदीदाराने पाठवलेल्या छायाचित्रात खोक्याचा एकच कोपरा आत गेलेला होता, बाकी चारही बाजू कोऱ्या होत्या. आत घुमटाचे तीन मोठे तुकडे आणि तबकडीवर काचेचा चुरा. खोक्याच्या तळाला फोम होता, पण त्या कोपऱ्यात घुमट आणि खोक्याची भिंत यांच्यात बोटभरच अंतर उरले होते. मी पाठवताना मूल्य सांगितले होते आणि त्याचे जादा पैसेही भरले होते, म्हणून वस्तूचा विमा आहे अशी माझी ठाम समजूत होती. वाहतूक कंपनीने दावा नाकारला. सांगितलेले मूल्य म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या जबाबदारीची वाढवलेली मर्यादा होती, आणि अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेले नुकसान तिच्या अटींनुसार त्या जबाबदारीत येत नव्हते. खरेदीदाराला मी त्याच दिवशी पूर्ण पैसे परत केले, कारण वस्तू धड हातात पडेपर्यंत जोखीम माझी आहे, त्याची नाही.

मूल्य न सांगता पाठवले तर काय मिळते, तेही मी तेव्हा शोधले. आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतुकीला लागू असलेल्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात वाहतूकदाराची मर्यादा किलोवर ठरते, वस्तूच्या किमतीवर नाही. मुळात ती किलोमागे १७ एसडीआर होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. पुढे मर्यादा १९, मग २२ आणि डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून २६ झाली. १.८ किलोच्या घड्याळाला ही मर्यादा ४६.८ एसडीआर होते, मग ते कितीही दुर्मीळ असो. टपालाने गेलेल्या वस्तूंना तर हा करार लागूच होत नाही. नुकसानीची लेखी तक्रार माल हाती आल्यापासून १४ दिवसांत करावी लागते, आणि अनेक कंपन्यांच्या स्वतःच्या अटी याहून घाईच्या असतात, म्हणून मी खरेदीदाराला पार्सल उघडताच कळवायची आणि खोका व आतले सामान जपून ठेवायची विनंती पाठवणीच्या संदेशातच करते.

त्यानंतर मी वाहतूक कंपनीचे वाढीव मूल्य घेणे थांबवले आणि वेगळ्या विमा कंपनीकडून प्रत्येक पार्सलचा विमा लिलाव संपल्यावर, अंतिम किमतीवर उतरवू लागले. हप्ता किमतीच्या ठरावीक टक्क्याने लागतो, त्यामुळे तो संकेतस्थळाच्या शुल्काशेजारी बसतो आणि बोली कितीही चढली तरी हिशेब बिघडत नाही. काच आणि चिनी माती वगळलेली नाही ना, भरपाईत पाठवणीचा खर्च धरतात का, वापरलेल्या वस्तूची किंमत लिलावाच्या पावतीवरून मान्य करतात का, हे तीन प्रश्न मी लेखी विचारून घेतले. पॅकिंग आता दुहेरी खोक्याचे असते, दोन्हींच्या मध्ये सर्व बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर भर, आणि खोका बंद करण्याआधी चार छायाचित्रे. आठव्या महिन्यात एका कॅमेऱ्याचे भिंग तडकले तेव्हा याच छायाचित्रांवर दावा अडीच आठवड्यांत मंजूर झाला. स्वस्त वस्तूंचा मी विमा उतरवत नाही. त्यांच्या विक्रीतले दोन टक्के वेगळ्या खात्यात टाकते, आणि हरवलेल्या त्या एका पार्सलचे पैसे तिथूनच परत गेले.

परदेशी खरेदीदार कधी कधी सीमाशुल्क वाचावे म्हणून टपालाच्या सीमाशुल्क निवेदनाच्या अर्जावर (सीएन २२ किंवा सीएन २३) कमी किंमत लिहायला किंवा भेटवस्तू म्हणायला सांगतात. मी नम्रपणे नकार देते. ते खोटे निवेदन आहे, आणि पार्सल हरवले तर आपल्याच हाताने लिहिलेला तो आकडा दाव्यात पुढे येतो.

मोजलेल्या दराच्या सोयीत दोन उणिवा मला जाणवल्या. खरेदीदाराने आपला पत्ता भरलेला नसेल तर त्याला भलताच दर दिसतो, आणि एकाच खरेदीदाराने तीन लिलाव जिंकले तर तीन पार्सलांची बेरीज दाखवली जाते. अशा वेळी मी लगेच एकत्र खोक्याचा दर काढून सुधारित बिल पाठवते. अशा खोक्याचा विमा तिन्ही किमतींच्या बेरजेवर उतरवावा लागतो आणि एका पार्सलला असलेली विम्याची कमाल मर्यादा ओलांडली जात नाही ना, हेही पाहावे लागते.

परतीच्या पार्सलाचा विचार मी फार उशिरा केला. जाताना उतरवलेला विमा वस्तू खरेदीदाराच्या हाती पडताच संपतो, आणि परत येताना ती बऱ्याचदा एकाच खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून येते. तिसरी मोडतोड अशीच झाली. तेव्हापासून परतीचे लेबल मीच काढते, त्या फेरीचा विमा वेगळा उतरवते, आणि दोन्ही खोके व भर परतीसाठी ठेवण्याची सूचना आतल्या खोक्याच्या झाकणावर चिकटवते.