पेठेतलं प्रचार साहित्याचं दुकान – माल चांगला, पण गठ्ठा तिथंच उघडून बघा

माझा पुण्यात धायरीत मांडवाचा धंदा. आमचा भाग खडकवासल्यात, म्हणजे बारामती लोकसभेत. २०२४ ला ७ मेला मतदान होतं, आणि नणंद-भावजयीची (सुप्रिया सुळे-सुनेत्रा पवार) लढत, त्यामुळं ऑर्डरी दोन्हीकडच्या येत होत्या. मी कुणाचाच नाही, पेमेंट करेल त्याचा 😄 मंडपासोबत उपरणी, टोप्या, झेंडे पण तुम्हीच बघा म्हणाले म्हणून पेठेतल्या एका होलसेलवाल्याकडं गेलो. नाव टाकत नाही, उगाच निवडणुकीत कुणाचा धंदा खराब नको.

दुकान बघण्यासारखंय राव. एकाच रॅकवर कमळ, पंजा, मशाल, धनुष्यबाण, घड्याळ, सगळे एकमेकाला चिकटून. बाहेर एवढी भांडणं आणि इथं युतीच युती. धनुष्यबाणाचा जुना स्टॉक शिंदेंच्या लोकांना चालतो म्हणे, घड्याळाचा अजितदादांच्या. नुकसान कुठंच नाही.

आता मेन तक्रार. शरद पवार गटाची ५०० उपरणी सांगितली होती, चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आयोगानं फेब्रुवारीत दिलेलं. रात्री गोडाऊनला गठ्ठा उघडला तर नुसती तुतारी! माणूसच गायब. आणि इथं २२ एप्रिलला चिन्हवाटप झालं त्यात एका अपक्षाला ट्रंपेट मिळालं, तेव्हा यादीत त्याचंही मराठी तुतारीच होतं, त्याच्यावरून आधीच बोंबाबोंब चालू होती. म्हणजे मी कार्यकर्त्यांच्या गळ्यात विरोधी उमेदवार घालणार होतो. मालकाला फोन केला तर म्हणतो, "अहो तुतारी ती तुतारीच ना". मग जरा आवाज चढवला. दोन दिवसात बदलून दिली, पण टेम्पोचं भाडं माझ्याच खिशातनं गेलं, ते नाही दिलं त्यानं.

बाकी माणूस तयारीचा आहे हे मान्य करावं लागेल. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींचा आकडा न सांगता टाकला, घड्याळाच्या पत्रकावर चिन्हाचं प्रकरण कोर्टात आहे ती ओळ पण स्वतःहून टाकली, सुप्रीम कोर्टानं मार्चमध्ये सांगितलेली. मला तर माहीतच नव्हती. बिल पक्कं देतो. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख, सगळा हिशोब आयोगाला दाखवायचा, त्यामुळं पार्टी पहिलं बिलच मागते, माल नंतर बघते.

कापड मात्र पातळ. टोपीचा रंग घामानं कपाळावर उतरतो, एप्रिलच्या उन्हात पदयात्रा करून आलेली पोरं होळी खेळून आल्यासारखी दिसत होती.

पाचात साडेतीन. सकाळी ११ च्या आत जा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि प्रूफ व्हॉट्सॲपवर घेऊन झूम करून बघा. त्या ५०० उपरण्यांचं काय केलं विचारलं तर म्हणाला, "असू द्या, अपक्षाचा माणूस आला की खपतील".