शेताच्या राखणीसाठी ३१५ बोअरची रायफल की बारा बोअरची दुनळी?

लांजा तालुक्यातल्या आमच्या वाडीत बंदुकीचा विषय निघाला की भेकरासाठी कोणते बोअर (नळीचे माप) चांगले, असे कोणी ना कोणी विचारतोच. त्याचे उत्तर आधी देतो: कोणतेही नाही. भेकर, सांबर आणि चितळ यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण आहे, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरावरही वनखात्याच्या परवानगीवाचून गोळी झाडता येत नाही. भात पोटरीत आले की रात्री माळ्यावर बसून डुकरांचा कळप पिटाळून लावायला कोणती बंदूक बरी, एवढाच प्रश्न आपल्यापुरता उरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येत असल्याने तो नीट विचार करूनच सोडवावा लागतो.

वडिलांच्या पश्चात ३१५ बोअरची रायफल वारसाने माझ्या परवान्यावर आली. बारा बोअरची दुनळी मी नंतर विकत घेतली. दोन्ही सरकारी कारखान्यातल्या आहेत. लष्करी ३०३ बोअर सामान्य नागरिकाला वर्ज्य असल्यामुळे ली-एन्फील्ड या लष्करी रायफलच्या धाटणीची ही ३१५ आपल्याकडे रुजली. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सरकवणारा दांडा, मागे ओढताना हाताला जी घट्ट, निश्चित हालचाल जाणवते ती मला आजही आवडते, आणि कारागिरीत ती दुनळीपेक्षा सरस आहे, हे मी मनापासून मान्य करतो. तरीही कोकणातल्या शेतकऱ्याने ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण आपली जमीन. पंधरा ग्रॅमहून जड असलेली ती गोळी किलोमीटरभर पुढेही जीव घेऊ शकते, आणि आपल्याकडे चाळीस पावलांपलीकडे करवंदीच्या जाळीतले काही दिसत नाही, तर जाळीमागे दुसऱ्या वाडीची पायवाट असते. सड्यावर जांभ्या दगडाला लागलेली गोळी कुठे वळेल, याचा भरवसा नाही. कळपाला घाबरवायला बार हवेत काढावा म्हटले, तर रायफलची गोळी दूर कुठेतरी खाली येणारच. बारा बोअरच्या बारीक छर्ऱ्यांचा जोर मात्र दोन-अडीचशे मीटरांत संपतो, आणि आवाज दोन्हींचा सारखाच दरीभर घुमतो. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला कायद्याने मुभा आहे आणि मोकळ्या मुलखात ३०८ किंवा ३०-०६ बोअरच्या रायफली वापरतात. पण सपाट जमीन आणि शेतांमधून विखुरलेली घरे असलेल्या आयोवासारख्या राज्यात तिथेही कित्येक वर्षे हरणासाठी बारा बोअरसारख्या छर्ऱ्याच्या बंदुकीचाच नियम होता.

दुसरी गोष्ट गंजाची. मागे एका निवडणुकीच्या आचारसंहितेत, ऐन कापणीच्या तोंडावर, दोन्ही बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागल्या. परत मिळाल्या तेव्हा दोन्हींच्या नळ्यांत तांबूस ठिपके धरले होते. दुनळीची नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे तेलात भिजवलेल्या चिंध्या चार वेळा फिरवल्यावर ती आरशासारखी झाली. रायफलच्या पिळाच्या खाचांत बसलेला गंज काढायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि तोंडाजवळचा एक डाग अजूनही गेलेला नाही.

दुनळीतही खोट आहे, ती काडतुसांची. एका विक्रेत्याने मला पावसाळ्यात कागदी काडतुसांचा जुना साठा गळ्यात मारला. पितळी बुडाला हिरवट कीट चढले होते, कागद नखाने सुटत होता, आणि फुगलेले काडतूस नळीत अर्धे शिरून असे अडकले की बंदूक मिटेना. पुढ्यात शेतात डुकरे असताना ते काडतूस बोटांनी उपसत बसावे लागले. तेव्हापासून खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसे प्लास्टिकच्या नळीची असतील तरच घेतो, पेटीवरचे वर्ष दुकानातच वाचतो आणि एकेक काडतूस बोटांत फिरवून पाहतो. मोठ्या छर्ऱ्यांची एलजी काडतुसे राखणीला लागत नाहीत. चार नंबरच्या बारीक छर्ऱ्यांची पुरतात.